शंभर विड्यांनी एकदा उठायचं

“अक्का, बोटं चालवा. वर. अजून वर. श्वास धरून ठेवू नका.”

अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. भिंतीला खाचांची लाकडी पट्टी ठोकलेली आहे आणि एकेका खाचेत दोन बोटं रोवत त्या उजवा हात वर नेताहेत. खांद्याच्या उंचीपर्यंत हात सहज चढतो. तिथून पुढे खांदा कानाकडे ओढला जातो, ओठ मिटतात. डॉक्टर वयानं अक्कांच्या मुलीएवढी. ती खांद्यावर नुसता तळहात ठेवते. “हा खालीच राहू दे. वर फक्त हात जाणार.” अक्का थांबतात, श्वास सोडतात आणि आणखी दोन खाचा चढतात. पट्टीच्या कडेला पेन्सिलीनं तारखा लिहिल्या आहेत. आजची तारीख मागच्या आठवड्याच्या वर पडते. अक्का तिकडे बघतही नाहीत. “डोक्यावरून पदर घेता येतोय आता,” त्या म्हणतात. “तेवढं झालं की बास मला.”

डिसेंबरातली सकाळ आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हे फिजिओथेरपीचं केंद्र चालतं. शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग सुरू आहेत; त्यांचा खडखडाट भिंतीतून येतो आणि खाटेच्या लोखंडात उतरतो. मी मानेखाली शेकाची पिशवी घेऊन पडले आहे. माझी मान काही वर्षांपासून दुखते. पण या खोलीतली बरीचशी दुखणी माझ्या दुखण्याहून जुनी आहेत, आणि ती अंगावर घेऊन माणसं रोज कामाला बसतात.

दारात चपलांच्या शेजारी कापडी पिशव्या ठेवल्या आहेत. त्यांत तेंदूची पानं, जर्दा आणि दोरा. बायका सकाळी कारखान्याच्या ब्रँचमध्ये काल वळलेल्या विड्या देतात, आजचा माल घेतात आणि घरी जाता जाता इथं येतात. सगळ्या खोलीला तंबाखूचा वास आहे. तो त्यांच्या बोटांना आहे, पदराला आहे, अंथरलेल्या चादरीलासुद्धा.

विडी वळणारी बाई मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं. पानात जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, पुढचं पान घ्यायचं. मान खाली, खांदे पुढे, कंबर वाकलेली. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून हे हजारदा. सोलापुरात हे काम करणाऱ्या बहुतेक बाया पद्मशाली घरांतल्या, तेलुगू बोलणाऱ्या. घरातले पुरुष मागावर, बाया विडीवर. शहराचे टॉवेल आणि चादरी दूरवर गेल्या, चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते विणणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरातल्या बायांच्या पाठीचा हिशेब या खोलीत मांडला जातो.

अक्का आता मेणाच्या टाकीपाशी बसल्या आहेत. वितळलेलं मेण पन्नास अंशांच्या थोडं वर असतं. त्यात हात बुडवायचा, काढायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बुडवायचा. बोटांवर पांढरा थर चढत जातो. कात्रीनं पानं कापून कापून अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली आहे, तिला या उबेनं बरं वाटतं. ऊब असेपर्यंत त्या बोलतात.

“आठ वर्षं झाली. आधी कंबर धरली, मग खांदा. मेडिकलमधनं गोळी आणायची. सकाळी एक, रात्री एक. गोळी घेतली की हजार होतात. नाही घेतली तर सहाशे.”

गोळ्या बंद कशानं झाल्या?

“पोटात आग पडायला लागली. आणि बीपी. सिव्हिलमधल्या डॉक्टरनं पिशवीतल्या गोळ्या बघितल्या आणि म्हणाले, ह्या रोज घेऊ नका, किडनी जाईल.”

डायक्लोफिनॅकच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. चार दिवसांच्या दुखण्याला त्या उपयोगी आहेत. पण तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र वेगळं मानतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात अशा वेदनेला स्वतःची जागा आहे. ती केवळ दुसऱ्या कुठल्या आजाराची खूण उरत नाही, स्वतःच आजार होऊ शकते.

हे समजावून सांगणं हा उपचाराचा पहिला भाग आहे, आणि मला वाटतं सर्वांत अवघडही. पलीकडच्या खाटेवर पंचेचाळिशीतला एक यंत्रमाग कामगार एमआरआयचं मोठं पाकीट छातीशी धरून बसला आहे. चकती सरकली आहे, मणक्यात गॅप आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलं आहे. तेव्हापासून तो वाकत नाही, नातवाला उचलत नाही, रात्री कुशीवर वळायला घाबरतो. डॉक्टर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसते.

“मामा, बाणा तुटला की तुमचा माग काय करतो?”

“थांबतो. काटा पडतो, माग थांबतो.”

“आणि कधी बाणा शाबूत असतानाही थांबतो?”

“थांबतो की. काटा वाकडा झाला की थांबतच राहतो.”

“मग तुम्ही सूत बदलत बसता?”

मामा पाकिटाकडे बघतात, मग तिच्याकडे. “सूत कशाला बदलायचं? काटा बघायचा.”

ती पुढे सांगते, ते मीही कान देऊन ऐकते. पाठीला लागलं होतं ते खरं. ते भरून आलं, पण इशारा देणाऱ्या मज्जातंतूंना आणि मेंदूला त्या काळात इतकी सवय लागली, की आता थोडं वाकलं तरी ते जोरात इशारा देतात. दुखणं खोटं नाही. दुखतं तेवढं मोडलेलं मात्र नसतं. एमआरआयबद्दलही ती सांगते. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांची तपासणी केली, तर शंभरातल्या सुमारे ६० जणांच्या मणक्याची चकती फुगलेली दिसते. केस पांढरे होतात तेव्हा आपण घाबरून झोपून राहत नाही, असं ती म्हणते, तेव्हा मामांच्या हातातलं पाकीट पहिल्यांदा खाटेवर टेकतं.

याआधी तिनं त्यांना वेगळेच प्रश्न विचारले होते. पायातलं बळ गेलंय का, लघवीवर ताबा आहे ना, मांडीच्या आतल्या भागाला बधिरपणा आहे का, ताप, वजन उतरणं? यातल्या एकाही प्रश्नाला हो आलं, तर ती व्यायाम देत नाही, सरळ सिव्हिलला पाठवते. बिनऔषधी उपचारावर श्रद्धा ठेवणाऱ्या प्रत्येकानं हे प्रश्न पाठ करायला हवेत. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, त्याच्याच हाती पाठ द्यावी.

मामांना कंबरेचा पट्टा हवा आहे. मित्रानं घेतलाय, त्याला बरं वाटतं. डॉक्टर नाही म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत समजावणं, व्यायाम, मसाज, हातांनी केलेले मणक्याचे उपचार, मनाला आधार देणाऱ्या उपचारपद्धती यांना जागा आहे. पट्टा आणि ओढ देणारं ट्रॅक्शन सरसकट वापरू नये असं म्हटलं आहे. २०२०मध्ये जगातल्या सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, त्या अर्थानं मामा एकटे नाहीत. केंद्रात ट्रॅक्शनची खाट आहे. तिच्यावर सध्या धुतलेल्या टॉवेलांची चळत आहे.

पट्ट्याऐवजी ती त्यांना विचारते, “यंदा काय करायचंय तुम्हाला? दुखणं सोडून सांगा.”

मामांना उत्तर द्यायला वेळ लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. तरुणपणी ते नंदीध्वज पेलायचे. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पांढरी बाराबंदी घालून त्यांना नंदीध्वजांच्या मागून चालायचं आहे. गेल्या वर्षी ते घरात पडून मोबाइलवर सोहळा बघत होते. हे सांगताना त्यांचा आवाज चिरतो.

“पेलायचं नाही, नुसतं चालायचं,” डॉक्टर कागद काढते. आज किती चाललं की दुखतं? पंधरा मिनिटं. मग दहा मिनिटांपासून सुरुवात, दिवसातून दोनदा. दर चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवायची. बरं वाटतंय म्हणून एकदम अर्धा तास चालायचं नाही, आणि दुखतंय म्हणून अंथरूण धरायचं नाही. चांगल्या दिवशी सगळी राहिलेली कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस पडून काढायचे, या फेऱ्यात जुन्या दुखण्याची माणसं वर्षानुवर्षं फिरत राहतात. मी स्वतः फिरले आहे, म्हणून तो कागद मला औषधाच्या चिठ्ठीपेक्षा मोलाचा वाटतो.

तारांचं यंत्र मात्र इथंही आहे. कंबरेवर चार रबरी पट्ट्या चिकटवतात, मुंग्या आल्यासारखं होतं, त्या वीस मिनिटांत दुखणं मागे सरतं. यामागे १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला विचार आहे. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार आहे, आणि स्पर्श, दाब, कंप यांचे संदेश आले की ते लोटलं जातं. ठेच लागल्यावर हात आपोआप तिथे चोळायला जातो तो याच कारणानं. पण यंत्र काढल्यावर आराम फार टिकत नाही. डॉक्टर तेही सांगते, म्हणूनच मला तिच्यावर विश्वास वाटतो. “या वीस मिनिटांत दुखणं कमी आहे, तेवढ्यात व्यायाम करून घ्या.”

यंत्र लावून पालथ्या पडलेल्या एक ताई सांगतात, त्या दुसरीकडे सुया टोचून घ्यायलाही जातात. अ‍ॅक्युपंक्चरचं नाव निघतं आणि मला भैय्या चौक आठवतो. येताना तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या जन्मघराचं स्मारक लागलं होतं. १९१० साली इथं जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारला. कोटणीस शल्यचिकित्सक होते, सुयांशी त्यांचा संबंध नव्हता. पण त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. लुधियान्यात अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय आहे, त्याला कोटणीसांचं नाव आहे. महाराष्ट्रानंही या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला. खऱ्या सुया आणि नाटकी सुया यांची तुलना केलेल्या चाचण्यांत फरक लहान दिसतो, तरी काहींना आराम मिळतो हेही खरं. डॉक्टर त्या ताईंना जायला मना करत नाही. एवढंच म्हणते, “सुया टोचून आलात तरी संध्याकाळचं चालणं चुकवायचं नाही.”

दुपारी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी कुंभारीला जाते. अक्कलकोट रस्त्यावरून आत वळलं की एकसारख्या घरांच्या ओळीच ओळी लागतात. गोदुताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायांनी लढून मिळवलेली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या उंबऱ्याआड येणं हा वेदनेवरचा उपचार म्हणून कुणी नोंदवत नाही, पण घर जाईल की काय ही धास्ती गेली की झोप लागते, आणि झोप लागली की दुखणं उतरतं. डॉक्टर प्रत्येकीला आधी झोपेचं विचारते, मग कंबरेचं.

अक्का दारात बसल्या आहेत, सोबत सून आणि शेजारच्या तिघी. सकाळी भिंतीवर चढलेली ती बोटं आता सुपात इतक्या वेगानं फिरताहेत की एक विडी कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली ते डोळ्याला कळत नाही. त्यांच्या बसण्यात मात्र बदल आहे. खाली पाट, पाटावर घडी घातलेली जुनी चादर, त्यामुळे कंबर गुडघ्यांच्या वर आली आहे. पाठ भिंतीला टेकलेली. सूप मांडीवर नाही, पालथ्या लाकडी खोक्यावर आहे, म्हणून मान पूर्वीइतकी वाकत नाही. यातलं काहीही विकत आणलेलं नाही.

आणि चार कट्टे झाले की उठायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चार कट्टे म्हणजे शंभर. घड्याळ लावून बघितलं, चाललं नाही; घड्याळाकडे बघायला मान वर करणार कोण? हातातल्या मोजणीला व्यायाम बांधला तेव्हा तो टिकला. चौथा कट्टा बांधून झाल्याबरोबर सून “अत्तम्मा” म्हणून हाक मारते आणि पाची जणी उठतात. हात कंबरेवर, मागे वाकणं. भिंतीला तळहात टेकून छाती पुढे. खांदे मागे फिरवणं. बोटं ताणणं. अक्का तेलुगूत मोजतात, “ओकटी, रेंडु, मूडु,” आणि दहापर्यंत पोचून पुन्हा खाली बसतात. दोन मिनिटं.

ही दोन मिनिटं फुकट नाहीत. अक्कांनी त्यांचा हिशेब पहिल्याच दिवशी केला होता. तासाला शंभर विड्या होतात. दिवसात दहा वेळा उठलं की वीस मिनिटं गेली, म्हणजे तेहतीसेक विड्या गेल्या. डॉक्टरला त्यांनी तेव्हा स्पष्ट विचारलं होतं, ह्या विड्या कोण भरून देणार? बिनऔषधी उपचार स्वस्त असतो असं आपण पांढरपेशे सहज म्हणतो. तो पैशात स्वस्त आहे. त्याची किंमत वेळेत द्यावी लागते, आणि नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईचा वेळ हाच तिचा पैसा आहे. गोळी तिच्याकडून वेळ मागत नाही. म्हणून तर गोळी जिंकते.

१९७६च्या कायद्यानं विड्यांवर उपकर बसवून या कामगारांच्या कल्याणाचा निधी उभा केला होता. त्यातून दवाखाने चालायचे, मुलांना शिष्यवृत्त्या मिळायच्या. २०१७मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. माझ्या मते विडी कामगारांच्या प्रत्येक दवाखान्यात फिजिओथेरपी हवी, आणि त्या वीस मिनिटांची मजुरी हजारीच्या दरात धरलेली हवी. पाठ कामानं मोडत असेल, तर पाठ सांभाळण्याचा वेळ कामाचाच मानला पाहिजे.

“भरून निघतंय का मग?” मी अक्कांना विचारते.

“पूर्वी तीन वाजले की कंबर धरायची, आडवं पडायला लागायचं तासभर. आता पडत नाही.” त्या क्षणभर थांबतात, हात थांबत नाहीत. “सगळे दिवस नाही हं. परवा पाण्याच्या घागरी उचलल्या, दोन दिवस उठता आलं नाही. रडले. सुनेनं गरम पाण्याची पिशवी दिली, पाठ चोळली. तिसऱ्या दिवशी सहाशेच वळल्या, पण बसले.”

त्या दोन दिवसांत गोळी घेतली का, हे डॉक्टर विचारते. एक घेतली, असं अक्का सांगतात. डॉक्टर मान हलवते, ओरडत नाही. रोजच्या दोनावरून महिन्याला दोन-तीन, हे तिच्या वहीत यश म्हणूनच लिहिलं जातं.

पाचातल्या एका शेजारणीला अजून काहीच फरक नाही. तिचा नवरा पितो, रात्री झोप नाही, मान दगडासारखी घट्ट. डॉक्टर तिच्याजवळ जास्त वेळ बसते. व्यायाम सांगत नाही, नुसता श्वास शिकवते. नाकानं घ्यायचा, पोट वर येऊ द्यायचं, सोडताना दुप्पट वेळ लावायचा. बाई डोळे मिटते आणि तिचे खांदे किंचित खाली येतात. पुढच्या वेळी वस्तीतल्या महिला मंडळाच्या ताईंना सोबत आणते, असं डॉक्टर हळूच तिला सांगते.

समोरच्या दारातून एक म्हातारी हे सगळं बघते आहे. तीसुद्धा विड्या वळते आहे, जुन्या पद्धतीनं, सूप मांडीवर, पाठीचा पूर्ण बाक.

“मला पट्टा दे ग बाई,” ती ओरडून सांगते. “हे उठबस मला नको. रविवारी ब्रँच बंद असतंय, रविवारी करीन.”

“आजी, रविवार नको. आजच, चौथा कट्टा झाला की.”

“हा तिसरा चाललाय माझा.”

“थांबते मी,” डॉक्टर म्हणते, आणि अक्कांच्या दारातला पाट उचलून आजींच्या दारात नेते.